बिनटाक्याचं वस्त्र

हौशी मंडळाने प्राचीन रोमन थाटाची मेजवानी ठरवली आणि बारा जणांच्या वस्त्रांचं काम शिंपीणबाईंकडे आलं. बाईंनी शहाणपणाने प्रत्येकाच्या खांद्याशी आतून एक चोरटाका घातला होता, पण तो अध्यक्षांच्या नजरेतून सुटला नाही.

"उसवा! रोमन लोक वस्त्र नुसतं गुंडाळायचे. खरं म्हणजे अगदी खरं हवं."

बाईंनी बाराही टाके उसवले.

मेजवानीच्या दिवशी दहा-दहा हातांचं कापड त्यांनी एकेकाला नेसवलं, चुण्या बसवल्या. मग विचारलं, "माझी खुर्ची कुठली?"

अध्यक्षांनी तपकिरी झगा पुढे केला. "हा घाला आणि दासी म्हणून दाराशी उभ्या राहा. कुणाचं सुटलं तर सावरा. जेवण नंतर, आत."

बाईंनी झग्याची नीट घडी घातली, खुर्चीवर उशीसारखी ठेवली आणि अध्यक्षांच्या शेजारीच बसून ताट पुढे ओढलं.

"अहो, हे काय? उठा आधी!" अध्यक्ष लालबुंद होऊन उठू लागले, तसं खांद्यावरचं कापड सर्रकन कोपरापर्यंत घसरलं.

"बसा साहेब, बसा," पहिला घास घेत बाई म्हणाल्या. "आत एकही टाका नाही, आणि सावरणारी जेवायला बसलीय."