चौदावी दुरुस्ती

"अमेरिकेच्या प्रेसिडेंटला स्वतःच्या मर्जीने कर्ज काढता येत नाही," शुभ्रा म्हणाली आणि तिने टीव्हीवरची स्लाइड पुढे सरकवली. "तो अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा. पैसा मंजूर करते काँग्रेस. प्रेसिडेंटने तो ज्याचा त्याला द्यायचा, बस्स."

पोरगी फाडफाड इंग्रजीत बोलत होती आणि सोफ्यावर तिचा बाप गुणवंत अभिमानाने फुगत होता. शेजारी तो मॅनेजर असलेल्या कंपनीचे मालक मोहिद्दीनसाहेब, पुढ्यात बायकोने, म्हणजे वैभवीने, ठेवलेल्या कोथिंबीर वड्या. सोमवारच्या परीक्षेआधी शुभ्राने साहेबांसमोर प्रेझेंटेशन करावं, ही हौस गुणवंतचीच. आपण होऊन मान पुढे केली म्हणा ना!

दाराजवळच्या खुर्चीत शुभ्राच्या शिकवणीच्या बाई बसल्या होत्या, प्रज्ञा. अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेत शिकवायची, शनिवारी इथे यायची. पाच महिन्यांत तिने या घरातलं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. वैभवीला वाटायचं, बाईंचा उपास असेल. कसला उपास! प्रज्ञाचा थोरला भाऊ किसन याच गुणवंतच्या हाताखाली आखातातल्या याच शहरात, मुसफ्फाच्या औद्योगिक भागातल्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं वेल्डिंग करून दोन वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने गावी परतला होता. जाताना 'पूर्ण हिशेब मिळाला' अशा छापील कागदावर गुणवंतने त्याची सही आधीच घेतली. "अरे, मी मराठी माणूस बसलोय ना इथे? कर सही, पैसे येतील मागाहून." व्हिसा रद्द झाला, विमान उडालं, पैसे काही आले नाहीत. नोकरी संपल्यावर मिळायचे साडेअठ्ठावीस हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ सात लाख रुपये. मालकाने ते गुणवंतच्या हातात दिले होते, हे अकाउंट्सच्या माणसाने किसनला फोनवर सांगितलं. पण स्वतःच सही केलेल्या कागदापुढे तो बोलणार काय? याच भावाच्या कमाईवर प्रज्ञा बी.एड. झाली होती.

गुणवंतला तिचं माहेरचं आडनाव ठाऊक नव्हतं.

"आता डेट सीलिंग, म्हणजे सरकारी कर्जाची कमाल मर्यादा," शुभ्रा म्हणाली. "ही मर्यादा वाढवली म्हणजे नवी उधळपट्टी, असं लोकांना वाटतं. चूक! देणं आधीच झालेलं असतं. सैनिकांचा पगार, म्हाताऱ्यांची पेन्शन. काम करून घेतलं आणि आता हात वर केले, असं नाही चालत. राज्यघटनेची चौदावी दुरुस्ती, कलम चार. देशाने कायद्याने घेतलेल्या कर्जावर शंकाच घ्यायची नाही."

"माशाल्ला!" मोहिद्दीनसाहेब खूश झाले.

"अंकल, अब एक एक्झाम्पल. मिसने दिया है."

प्रज्ञाने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. या एका स्लाइडसाठी तिने ही शिकवणी धरली होती.

"एक कंपनी आहे. मालक म्हणजे काँग्रेस आणि मॅनेजर म्हणजे प्रेसिडेंट. किसन नावाच्या वेल्डरने तिथे अकरा वर्षं काम केलं. मालकाने त्याचे अठ्ठावीस हजार पाचशे दिरहम मंजूर करून मॅनेजरकडे दिले. मॅनेजरने ते स्वतःच्याच खिशात ठेवले. चालेल? नाही! त्याला तो अधिकारच नाही." शुभ्रा हसून वळली. "एनी क्वेश्चन्स?"

गुणवंतच्या घशात वडी अडकली. "बास, शुभ्रा! पुरे झालं. साहेबांना निघायचंय."

"रुको," मोहिद्दीनसाहेब म्हणाले. "किसन? अपना कोकणवाला? उसका पैसा तो मैंने तेरे हाथ में दिया था. तूने उसकी साइन भी दिखाई थी."

"सर, वो तो एक्झाम्पल है. टीचर ने ऐसे ही..."

"ग्यारह साल, साढ़े अट्ठाईस हजार. ऐसे ही?" साहेबांनी प्रज्ञाकडे पाहिलं.

प्रज्ञा उभी राहिली. "मेरा भाई है, साहब."

वैभवी हातात चहाचा ट्रे घेऊन तशीच उभी. शुभ्रा एकदा बापाकडे, एकदा बाईंकडे बघत होती. "मिस, इज किसन रिअल?"

प्रज्ञाने तिच्या नजरेला नजर दिली नाही. पोरीला हत्यार केलं, हे तिला कळत होतं. वाईटही वाटेल, पण ते घरी गेल्यावर. आत्ता तिच्या काळजाला थंडावा मिळत होता. याच्याच घरात, याच्याच लेकीच्या तोंडून! यापेक्षा कमी काही तिला नकोच होतं.

"चेकबुक लाओ, गुणवंत," साहेब म्हणाले. "मेरे सामने लिखो. बाकी बात सोमवार को ऑफिस में."

गुणवंतने चेकबुक आणलं. "कोणाच्या नावाने?" त्याने विचारलं.

"माझ्या. प्रज्ञा. आणि तारीख आजची घाला, सर. पुढची नको."

त्याने तारीख घातली, सही केली. प्रज्ञाने चेकवरचा आकडा दोनदा वाचला, चेक घडी न घालता पर्समध्ये ठेवला आणि ती दाराकडे निघाली.

"मॅडम, पैसे मिळाल्याची सही..." गुणवंत मागून म्हणाला. "पावती लागेल ना."

प्रज्ञाने चपला पायात सरकवल्या.

"पावती तुमच्याकडेच आहे, सर. दादाने दोन वर्षांपूर्वीच सही करून दिलीय."