अठ्ठावन्न किलो

"मुलासाठी बघताय का, काका?" गंगापूर रोडवरच्या व्यायामाच्या सामानाच्या दुकानातल्या राकेशनं विचारलं.

"माझ्यासाठी," धोंडीराम म्हणाला.

राकेशनं त्याच्या पांढऱ्या मिशीकडे पाहिलं, मग दोन डंबेल काउंटरवर आणून ठेवली. एकाच्या दांड्यावर लोखंडी चकत्या चढवायच्या आणि दोन्ही टोकांना नट आवळायचे. दुसऱ्याला टोकाशी फिरवायची मूठ होती. ती फिरवून हवा तो आकडा आणला की तेवढंच वजन वर यायचं, बाकीचं खाली खोक्यात राहायचं.

"अडीच किलोपासून चोवीसपर्यंत जातं. तुम्हाला किती उचलायचंय?"

"अठ्ठावन्न."

राकेश हसला. धोंडीराम हसला नाही.

"बायको आहे," तो म्हणाला. "डावी बाजू गेलीय तिची. पलंगावरून खुर्चीत बसवायचं असतं. परवा हातातून सुटली."

कुणाला पत्ता सांगावा तसं त्यानं हे सांगितलं.

राकेशनं नटवालं डंबेल बाजूला सारलं. "मग हे आकड्याचं घ्या. सारखं वाकून नट आवळायला नको. पाच किलोनं सुरू करा. महिन्याला एक आकडा पुढे, घाई नाही. आणि काका, उचलताना जोर पायांचा लावायचा, कमरेचा नाही. नाहीतर दोघंही पडाल."

धोंडीरामनं पाच किलोवर आकडा आणून उचलून पाहिलं. मनगट थरथरलं.

"हेच द्या," तो म्हणाला. "जोडी."

सिंधुबाईचा पलंग पुढच्या खोलीत होता. तिच्यासमोरच तो रोज सकाळी डंबेल उचलायचा. मोजायचं काम तिनं आपण होऊन घेतलं. जीभ जड झाली होती, पण आकडे कळायचे.

"आठ... नऊ... झाले दहा."

"नऊच झाले."

"मोजतंय कोण? ठेवा खाली."

तो खाली ठेवायचा. पुन्हा उचलायचा. मग चहा करायचा, तिला चमच्यानं पाजायचा, उरलेला गार झालेला स्वतः प्यायचा. खालच्या मजल्यावरचा पुंजा सकाळ-संध्याकाळ वर येई. तो पाय धरी, धोंडीराम खांदे धरी, आणि दोघं मिळून तिला खुर्चीत बसवत. हर्षाली पुण्याहून फोन करून विचारायची, "बाबा, बाई ठेवू या का?" तो म्हणायचा, "बघू." तीन महिने हेच चाललं. श्रावणात पाच होतं ते दिवाळीला साडेबारावर आलं. शर्टाच्या बाह्या दंडात घट्ट बसायला लागल्या. सिंधुबाईच्या ते आधी लक्षात आलं, त्याच्या नाही.

खिचडीचे चार चमचे झाले की ती तोंड मिटायची. घास गिळता येत नव्हता. पुढे तीन चमचे झाले.

दिवाळीनंतर दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सनं तिला खुर्चीसकट वजनकाट्यावर घेतलं आणि खुर्चीचं वजन वजा केलं.

"एक्केचाळीस," नर्स म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आजोबा, फार उतरतायत या. डॉक्टरांशी बोला."

डॉक्टर बराच वेळ बोलले. धोंडीराम "बरं" म्हणाला. मग पुन्हा "बरं" म्हणाला, आणि विचारलं, "रिक्षा आतपर्यंत येते का?"

दुसऱ्या दिवशी पुंजा पेठला त्याच्या गावी गेला होता. सिंधुबाई वाट बघून कंटाळली.

"तुम्हीच उचला की," ती म्हणाली. "एवढं लोखंड उचलता रोज."

धोंडीराम पलंगाशी गेला. पाय फाकवून उभा राहिला, गुडघ्यात वाकला, एक हात तिच्या पाठीखाली घातला, दुसरा गुडघ्यांखाली. दात आवळले. जोर लावला आणि ती इतक्या चटकन वर आली की तोल सावरायला त्याला एक पाऊल मागे जावं लागलं.

"अगं बाई!" सिंधुबाई एका बाजूनं हसली. उजवा हात तिनं त्याच्या मानेभोवती टाकला. "जमलं की हो! एकट्यानं! हर्षालीला सांगा, बाप पैलवान झाला म्हणावं."

त्याच्या हातांना वजन जाणवतच नव्हतं. मनगटं थरथरली नाहीत, दम लागला नाही. खुर्ची दोन पावलांवर होती.

"बसवा आता."

तो खुर्चीपाशी गेला आणि थांबला. मग तिला तशीच घेऊन गॅलरीत गेला. उन्हाळ्यानंतर ती पहिल्यांदाच तिथे येत होती. खाली भाजीची गाडी उभी होती. समोरच्या इमारतीला नवा पिवळा रंग दिला होता.

"हा कधी दिला?" तिनं विचारलं.

"झाले दोन महिने."

"वाईट दिसतो."

"हो."

भाजीवाल्यानं मेथीच्या जुडीवर पाणी मारलं. तिनं ते बघितलं. कोवळं ऊन तिच्या पायांवर आलं. पाय त्याच्या हातावरून लोंबत होते. तिचा पायजमा ढगळ झाला होता. बराच वेळ झाला तरी तो हलला नाही.

"अहो, पुरे," ती म्हणाली. "हात भरून आले असतील. जड होतेय ना मी?"

धोंडीरामनं तिला आणखी जवळ घेतलं.

"लय," तो म्हणाला. "लय जड आहेस."