काळे शेंडे

लाल चिंधी बांधलेल्या पहिल्या काजूवर मोडायला एकही काळा शेंडा नव्हता. आशाचा हात फांदीवरच थबकला. काल सांजेला तिनं इथं सात मोजले होते. आता तिथं सात खुंट होते. ओले, चिकाचा थेंब अजून न सुकलेले.

कुणीतरी तिच्याही आधी येऊन गेलं होतं.

आज काजूगटाचे म्होरके रावजीकाका स्वतः मोजणी बघायला येणार होते.

पेठकडच्या या डोंगरउतारावर पाड्याच्या काजूगटानं दहा झाडं निशाणीची ठरवली होती. दर सोमवारी आशानं झाडामागं दहा, असे शंभर शेंडे बघून त्यातले काळे मोजायचे. ढेकण्या हा बारका किडा कोवळा रस पितो, शेंडा जळाल्यासारखा काळा पडतो. शंभरात पाचाच्या वर काळे निघाले, की सगळ्या उतारावर औषध मारायचं. मारायचं कुणी? तिच्या नवऱ्यानं. पाठीवर भरला पंप घेऊन हा चढ चढणारा दिनेशवाचून दुसरा कुणी नव्हता. रावजीकाका त्याला ‘आमचा वाघ’ म्हणायचे.

मागच्या मोहरात हा वाघ याच झाडाखाली पडला होता, तोंडाला फेस येऊन. नाशिकच्या दवाखान्यात तीन दिवस होता. “पुन्हा हे औषध अंगावर आलं, तर माझ्या हातात काही नाही,” डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आशानं विनवलं, तर तो हसला. “मग पंप काय तू उचलशील? वाघाची बायको ना तू!”

म्हणून तीन सोमवार ती पहाटे दिसू लागताच यायची, काळे शेंडे मोडून ओच्यात टाकायची आणि वहीत लिहायची, चार. कधी तीन. वरच्या पाच झाडांवर मुळातच कमी निघायचे. ती झाडं तिला नशीबवान वाटायची. चिकानं डागळलेली बोटं ती चुलीच्या राखेनं घासायची. दिनेशही घासायचा, पंपाचं वंगण असेल, असं तिला वाटायचं.

इकडं मोहर करपत चालला होता. बोलावं तर नवरा जातो, गप्प बसावं तर अख्ख्या पाड्याचा घास जातो. जात्यातल्या दाण्याला निदान ओवी तरी ऐकू येते. तिला तीही नव्हती.

ओल्या खुंटांमागं ती झाडामागून झाड चढत गेली. सहाव्या झाडाआड एक पाठमोरा माणूस उभा होता. सदऱ्याचा खिसा काळ्या शेंड्यांनी फुगलेला.

“दिनेश?”

तो दचकला. हात मागं घेतला. आशानं आपली बोटं त्याच्यापुढं धरली. तेच डाग.

दिनेशनंही हात पुढं केला.

“वरची पाच झाडं मीच उरकायचो, ऐतवारी,” तो हळूच म्हणाला. “आज काका येणार, म्हणून खालूनच धरली. पंप दिसला तरी पाय गळतात गं. तुला कुठल्या तोंडानं सांगू?”

खालून रावजीकाकांची हाक आली. “आशे, किती भरले गं?”

आशानं वही उघडली. दिनेशनं खिशातला एकेक शेंडा मोजत तिच्या ओच्यात टाकला आणि तोंडाशी हात धरून ओरडला,

“सहाच झाडांत एकवीस, काका! आन पंप घेऊन जा आमच्या घरातून. तुमचा वाघ लय भ्यालाय!”