मोडक्या पायाचा सात

कारच्या जुन्या रेडिओवर ठोकलेला नंबर वाचून उस्ताद त्याचं जन्मसाल सांगायचे. आज गिऱ्हाइकाने आणलेला रेडिओ बघून मात्र त्यांचं टाळकंच सरकलं.

"साठ वर्षं जुना म्हणून तुमच्या गळ्यात मारलाय हा! नंबर तर कालपरवा ठोकलाय. असल्या भामट्याचे हातच तोडले पाहिजेत!"

"तोडलेच पाहिजेत," मागे तारांना डाग देत बसलेल्या त्यांच्या धाकट्या भावाने री ओढली.

तावातावाने त्यांनी भिंग लावलं. नंबरातल्या दोन्ही सातांचा पाय मोडका होता. त्यांनी खण उघडला, दुरुस्तीची तारीख ठोकायचे आपले ठसे काढले आणि त्यातला सात पत्र्यावर हाणला. तोच मोडका पाय.

हातोडी तशीच हातात धरून ते मागे वळले.


"दादा, आधी माझं ऐकून घे," धाकटा म्हणाला आणि त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.