ठेंगणं दार

"मनोऱ्याच्या झडपा मोडल्यात. हत्यारं घे," गोपाळकृष्ण जमादार गजांशी येऊन मन्सूर सुताराला म्हणाला.

मन्सूरच्याच कोठडीत राहणारा हिंदुराव हसला. "जा लेका. सरकारच्या पापण्या नीट करून ये. आन् वर शिरताना मान खाली घाल, दार ठेंगणं हाय."

तुरुंग गोल होता, इंग्रजांनी पुण्याबाहेर बांधलेला. कडेने कोठड्या आणि मधोमध झडपांचा मनोरा. आतल्या पहारेकऱ्याला सगळे दिसत. तो कुणालाच दिसत नसे. इंग्रज गेले, झडपांची भीती राहिली. कैदी अंग खाजवतानाही आधी वर बघत.

कसबा पेठेत मन्सूरची आई, मदिनाबी, अंथरुणाला खिळली होती. रजेचा अर्ज फेटाळला गेला होता. सुतारशाळेमागची भिंत एका जागी खचलेली होती, पण ती नेमकी मनोऱ्यासमोर.

"तू हो वर. माझे गुडघे दुखतात," जमादार जिन्यापाशी बसत म्हणाला.

मन्सूर मान वाकवून आत शिरला. रिकाम्या खुर्चीवर बोटभर धूळ होती. कोळिष्टकं, पारव्यांची घरटी. इथे वर्षानुवर्षं कुणी बसलंच नव्हतं.

झडपांच्या पट्ट्या कुजलेल्या नव्हत्या. ताज्या मोडलेल्या होत्या, आतलं सागवान अजून पिवळं. पारवे सागवान मोडत नाहीत, असं त्या सुताराच्या मनात एकदा आलं. पण डोक्यात आई होती. त्याने नव्या पट्ट्या बसवल्या, पिढीभर हलणार नाहीत अशा.

संध्याकाळी त्याने हिंदुरावला सांगितलं. फक्त त्यालाच. लोणी काळभोरचा हा थोराड शेतकरी चांगल्या वागणुकीपायी शिक्षेत सूट मिळवत होता, आणि मन्सूरच्या नमाजाला आपली वळकटी आवरून जागा करून देत होता.

"म्हंजी इतकी वर्सं आपण खुर्चीला भ्यालो?" हिंदुरावच्या डोळ्यांत पाणी आलं. "जा. आईचं तोंड बघून ये. चढायला माझी पाठ देतो."

"तुमची सूट जाईल, दादा."

"जाऊ दे. माझी आय गेली तवा मी हितंच व्हतो."

दुसऱ्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना, मन्सूर त्या पाठीवरून भिंत चढला आणि पलीकडे उतरला. तिथे गोपाळकृष्ण विडी पेटवत उभा होता.

"या," तो म्हणाला. "कपडे फाटले नाहीत ना?"

शिक्षा वाढली. मन्सूरला शेजारच्या एकट्याच्या कोठडीत टाकलं. मदिनाबी त्याच आठवड्यात गेली. पाठ कोणी दिली, हे मात्र त्याने मार खाऊनही सांगितलं नाही.

हिंदुराव भिंतीपलीकडून समजूत घालायचा. "जमादार नेमका तितंच असंल, कुणाला ठावं? नशीब, दुसरं काय." मन्सूरला तेवढाच आधार होता. दादांची सूट वाचली, याचंही बरं वाटत होतं.

पुढे हिंदुरावच्या कोठडीत नवा कैदी आला. विश्रांतवाडीचा सोनबा, सुतारच. घरी बायको अवघडलेली, रोज रडायचा.

एका सकाळी पलीकडे गज वाजले.

"मनोऱ्याच्या झडपा मोडल्यात. हत्यारं घे."

मन्सूर उठून बसला. भिंतीपलीकडून ओळखीचं हसू ऐकू आलं.

"जा लेका. आन् वर शिरताना मान खाली घाल, दार ठेंगणं हाय."