चकाकी जाईपर्यंत

"आत्या, पुन्हा पाणी मारलंस?"

पद्मजानं फवाऱ्याची बाटली ओटीवरच्या खुर्चीखाली सरकवली. कागदावर हिरवा रंग परत तरंगायला लागला.

"वाळत होता," ती म्हणाली.

"वाळायलाच हवाय ना तो!" सलिल हसला.

आता सलिल काही वाईट नाही. भावाचा मुलगा, मायाळू. परवा सकाळी त्यानं शब्द दिला आणि तो पाळतोय: समोरच्या आंब्याच्या कलमाचं तुझं चित्र पुरं होईपर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही.

चित्र पुरं होत नव्हतं. कलम उभं होतं.

कलमाखाली भागोजी आणि त्याचे दोन गडी बसलेले. करवतीचं मशीन गोणपाटावर आडवं. तीनदा चहा होऊन गेलेला. मागच्या बाजूला पाहुण्यांसाठी नव्या खोल्या बांधल्यात, तिथवर गाडी जायला हवी आणि कलम वाटेत. दुसरी वाट बसते का ते मोजून पाहिलं. बसत नाही. टेपचं एक टोक पद्मजानंच धरलं होतं.

कलम तिचं. कागदोपत्री नव्हे, बाग सलिलची. पण तिच्या लग्नात वडिलांनी मांडवात चारचौघांसमोर सांगितलं होतं, ह्या कलमाचा आंबा लेकीचा. तेव्हापासून दर मे महिन्यात त्याच्या पेट्या तिच्या दारात उतरायच्या. वडील गेले, भाऊ गेला, पेट्या यायच्या राहिल्या नाहीत.

रडू येत नव्हतं. येईल असंही वाटत नव्हतं. परवापासून सगळं कापूस घातलेल्या कानांनी ऐकावं तसं चाललं होतं.

"बाय," भागोजीनं खालून हाक दिली, "तुज्या ह्या चित्रापरीस झाड लवकर वाढला आसता!"

गडी हसले. तीही हसली. हसायची जागा होती म्हणून.

ती ब्रश वापरत नाही. जलरंग, आणि रंगाची बोथट सुरी. शाळेत चित्रकला शिकवायची तेव्हापासून सुरीच. त्याचं असं आहे:

कागद चिंब असताना सुरी ओढली, तर ओरखड्यात रंग शिरतो. रेघ काळी.

कागद वाळल्यावर ओढली, तर रंग हलत नाही.

मध्ये थोडा वेळ असतो. पाण्याची चकाकी जाते, ओल राहते. तेव्हा पात्यानं रंग बाजूला सारला की खालून पांढरा कागद निघतो. उजेडातलं खोड. पंधरा मोजेपर्यंत.

ते पंधरा हुकले की कागद फुकट. नवा कागद, नवा दिवस.

परवा चकाकी जायच्या बेताला ती उठून आत गेली आणि भांडी पुसत बसली. काल न्हाणीघरात. आज सलिल खुर्ची टाकून शेजारीच बसला, तेव्हा तिनं फवारा काढला.

"मला घाई नाही गं," सलिल म्हणाला. "पण ही माणसं उद्या राजापूरला जातायत. मग आठ दिवस मिळायची नाहीत."

आठ दिवस. तिनं मनात घोकलं.

तेवढ्यात आर्या आली, सलिलची बायको. एका हातात एक्स्टेन्शन बोर्ड, दुसऱ्या हातात केस वाळवायचा ड्रायर.

"आत्या, मी सारखी बघतेय, किती ताटकळताय तुम्ही. दमट हवेत कुठचं वाळायला? थांबा, हलक्या वाऱ्यावर ठेवते."

"राहू दे गो."

"त्रास कसला त्यात!"

आर्या खुर्चीला खेटून उभी राहिली. एकीकडे ती, एकीकडे सलिल. उठायला वाट नव्हती. ड्रायर घोंघावायला लागला.

बरं. नाही उठता येत तर नाही. सुरी हातात असू दे, हात मांडीवर ठेवायचा. पंधरा मोजायचे. एवढंच.

चकाकी कडांवरून आत आत सरकायला लागली. चारी बाजूंनी. शेवटी मधोमध रुपयाएवढी उरली.

गेली.

एक.

दोन.

तीन

सुरी कागदावर होती. बुंध्यापासून वर, एका ओढीत, फांदी फुटते तिथं जराशी वळून, पातं उलटं करून दुसरी फांदी. हिरव्यातून पांढरं खोड सरळ वर आलं. इतकं साफ तिच्याकडून कधी निघालं नव्हतं. चाळीस वर्षांचा हात. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

आर्यानं ड्रायर बंद केला.

"अय्या! आत्या, केवढं सुरेख!"

सलिल उभा राहिला. त्यानं चित्र पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. खाली भागोजीला खूण केली नाही.

"आत्या?"

अजून पानं राहिलीत, असं म्हणता आलं असतं. त्यानं ऐकलंही असतं. पद्मजानं चित्र हातभर लांब धरलं. कुठं काही राहिलं नव्हतं. एक ठिपका टाकला असता तर बिघडलं असतं.

"झालं," ती म्हणाली.

भागोजी वर आला. हात मागं बांधून त्यानं चित्र पाहिलं, मान डोलावली. मग सलिलला विचारलं, "कंच्या अंगाला पाडू?"

सलिल खुर्ची उचलायला वाकला. आर्या वायर गुंडाळत राहिली.

पद्मजानं कलमाकडे वर पाहिलं नाही. मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"डावीकडे पाड," ती म्हणाली. "तिकडे मी काही काढलेलं नाही."