स्विचच बिघडला होता

गाडी निघाली, आणि आत कोणीच नव्हतं!

आर्विड टॉलेफ्सन आणि त्याची बायको मर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी पीत उभे होते. बाहेर मरणाची थंडी. अशा सकाळी नॉर्थ डकोटात शहाणा माणूस गार गाडीत जाऊन बसत नाही. घरातूनच रिमोट दाबायचा, गाडी तापू द्यायची आणि मग आरामात चर्चला निघायचं. आर्विडने रिमोट दाबला. इंजिन सुरू झालं आणि गाडी सावकाश पुढे सरकत गॅरेजच्या बंद दारात घुसली. दार मोडलं, आत हरणाच्या मांसाने भरलेला फ्रीझर आडवा झाला.

“अगं, थांब! थांब!” आर्विड गाडीवर ओरडत सुटला. रिमोट पुन्हा दाबला की ती बंद होते, हे मर्नाने सांगितलं तेव्हा कुठे त्याने तो दाबला.

त्यांची लेक गेल शेजारच्या गावाहून धावत आली. मोडकं दार बघितलं आणि तिने बापापुढे हात पसरला.

“चावी दे, डॅड. शेगडी पेटती ठेवून झोपलास तेव्हाच ठरलं होतं आपलं. आणखी एक घोळ झाला की चावी माझ्याकडे.”

चावी गेली की सगळंच गेलं. दुकान, चर्च, दवाखाना, काहीही गाठायचं तर गाडी हवी. इथे बस नावाची चीज नाही. आर्विडचा चेहरा पांढराफटक पडला.

“मी काही घोळ केला नाही! गाडी पार्कच्या गिअरमध्ये टाकली होती मी. ये, दाखवतो तुला.”

तो गाडीत बसला. गिअरचा दांडा होता तिथेच, पुढे जायच्या ड्राइव्हवर, ठेवून त्याने ब्रेक दाबला आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. म्हाताऱ्याला कोण आनंद!

“बघितलंस? ही अशी सुरू व्हायलाच नको! इथे स्टिअरिंगच्या खाली एक स्विच असतो. दांडा पार्कमध्ये नाहीतर न्यूट्रलमध्ये नसला, तर तो स्टार्टरला करंटच जाऊ देत नाही. तो बिघडलाय. यात माझा काय दोष?”

गेल खिडकीतून आत वाकली. मग तिने दांड्याकडे बोट दाखवलं. “बिघडला, कबूल. म्हणून गाडी सुरू झाली. पण हा दांडा ड्राइव्हवर कुणी ठेवला?”

आर्विडने दांड्याकडे असं पाहिलं, जणू तो आत्ताच तिथे उगवला होता. वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला.

“पण काल आलो तेव्हा... बर्फ पडत होता... मग मी... पार्कमध्येच टाकली होती ना गं मी?”

हे त्याने मर्नाला विचारलं. हरवलेलं पोर विचारतं तसं.

“मी नेली होती,” मर्ना म्हणाली. “तू दुपारी झोपला होतास. टपाल टाकून आले.”

“तू?” गेल किंचाळली. “मॉम, डोळ्यांपायी दोन वर्षं तू स्टिअरिंगला हात लावला नाहीस!”

“म्हणून तर चुकले.” मर्नाने पर्समधून स्वतःची चावी काढून लेकीच्या हातावर ठेवली. “ही घे. आणि ओरडू नकोस, आत चल, कॉफी गरम आहे.”

गेल दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. खरं काय नि खोटं काय, तिला काही कळेना. शेवटी मर्नाचीच चावी खिशात घालून ती निघून गेली.

त्या रात्री मर्नाचा डोळा लागला नाही. आपण नवऱ्याला वाचवलं, की उद्या दोघांनाही खड्ड्यात घालणार आहोत?

नवा स्विच आला. आर्विडने स्टिअरिंगखाली पाठीवर पडून जुना काढला, नवा बसवला, स्क्रू आवळले. हात सराईत होते, एकदाही अडले नाहीत. मग त्याने मर्नाला स्टिअरिंगपाशी बसवलं आणि स्वतः दाराशी उभा राहिला.

“ब्रेक दाब. पार्कमध्ये फिरव चावी. झाली सुरू? बंद कर. आता न्यूट्रल. छान. आता ड्राइव्ह.”

मर्नाने चावी फिरवली. गाडी गप्प.

“वा!” आर्विड खूश झाला. त्याने हात फडक्याला पुसले आणि वाकून, कुणी ऐकत नसतानाही, आवाज खाली आणला.

“गेलपुढे बोललो नाही मी. पण मर्ना, तू हल्ली फार विसरतेस गं. इथून पुढे गाडी मीच चालवत जाईन.”